शाळा सुटल्यापासून मी पोहोचेपर्यंत : धुळ्याच्या देवपुरातल्या एका पाळणाघराचा अनुभव

पोरगं जूनमध्ये पहिलीत गेलं. शाळा सुटते एकला, माझी पतपेढी सुटते साडेपाचला. नवरा अवधानच्या एमआयडीसीत शिफ्टला, आणि सासूबाई शिरपूरकडची शेती सोडून धुळ्यात चार दिवसांच्या वर टिकत नाहीत. मधले साडेचार तास कुणाच्या गळ्यात घालायचे, हे मे महिन्यापासून डोक्यात होतं. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी हे वाचू नये, आजीला साडी घ्यावी.

आधी माझी चूक सांगते. एका चकचकीत सेंटरला घातलं. भिंतीवर कार्टून, एसी, दाराशी छापील वेळापत्रक: जेवण, मग फोनिक्स म्हणजे इंग्रजी अक्षरांचे उच्चार, मग अबॅकस, मग होमवर्क, आणि शेवटी वीस मिनिटं ‘फ्री प्ले’. महिन्याला साडेचार हजार. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचे आणि मला बरं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात एक फोटो आला, त्यात आमचं ध्यान अबॅकसवर डोकं टेकून गाढ झोपलेलं, आणि खाली लिहिलेलं, ‘एन्जॉइंग लर्निंग’. संध्याकाळी घेऊन आले तर गालावर मण्यांचे गोल वळ तसेच. घरी वरण वाटीत न वाढता ताटात वाढलं म्हणून तो अर्धा तास रडला. वरणासाठी कोणी एवढं रडत नाही, हे कळायला मला आणखी एक महिन्याची फी लागली.

मग ऑफिसातल्या एकीनं या पाळणाघरवाल्या काकूंचं सांगितलं. बोर्ड नाही, पहिला मजला, दोन खोल्या आणि एक लांब गॅलरी. आठच मुलं घेतात. फी अठराशे, दुपारचं खाणं त्यातच.

मूल दारात आलं की काकूंचं एकच वाक्य असतं: ‘ये रे भाऊ, पहिले हातपाय धुई ले.’ गणवेश खुंटीला, घरचे कपडे अंगात, आणि पुढ्यात ताटली. ताटलीत कधी कढी-फुनके (डाळीचे वाफवलेले गोळे), कधी भाजलेलं बिबडं (ज्वारीचा पापड) आणि शेंगदाणे, कधी ज्वारीचं धिरडं. डबा न संपवता आलेलं पोरगं इथं दोन धिरडी खातं. मोठ्या माणसालाही बिबड्याच्या त्या आवाजानं भूक लागते, पोरांचं काय घेऊन बसलात.

आणि जेवण होईपर्यंत ‘आज काय शिकवलं?’ असं कुणी विचारत नाही. मी पहिल्याच दिवशी न्यायला गेले तेव्हा जिन्यातच सुरू झाले होते: बाईंनी काय लिहून दिलं, कुणाशेजारी बसलास, डबा का उरला. काकूंनी मला बाजूला घेतलं. ‘ताई, तुम्ही घरी आल्या आल्या कोणी दारातच कॅश टॅली मागितली तर?’ मी गप्प. आता रात्री अंथरुणात तो आपणहून सांगतो, कुणी कुणाचा खडू खाल्ला इथपासून.

झोपेचं एक शिकण्यासारखं. सुरुवातीला तो दुपारी पाचपर्यंत झोपायचा आणि रात्री अकराला छतावर नाचायला तयार. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ९ ते १२ तास झोप हवी, पण ती मुख्यतः रात्री पडली पाहिजे. काकू आता पाऊण तासानं उठवतात. हाका मारत नाहीत, गॅलरीचा पडदा सारून ऊन आत सोडतात. धुळ्याचं ऊन, दुसरं काही करावं लागत नाही.

त्यानंतर गॅलरीत सूप भरून भुईमुगाच्या शेंगा येतात. सगळी पोरं गोल बसून फोडतात. दोनदाणी शेंग वाटीत टाकायची, तीनदाणी ज्याला सापडली त्याची. पोरानं पाचाची नि सहाची बेरीज इथं केली, अबॅकसवर नाही. (त्या सेंटरचं डिपॉझिट अजून परत मिळालेलं नाही, ते वेगळं रडगाणं.)

अभ्यास काकू घेत नाहीत, स्पष्ट सांगतात. मला आधी हे खटकलं, कारण शाळा रोज एक पान लिहून मागते. मग एक दिवस त्यांनी दप्तर दाराआडच्या भाजीच्या लटकत्या काट्याला अडकवलं: तीन किलो दोनशे. पहिली-दुसरीच्या मुलाचं दप्तर दीड किलोच्या वर नको आणि त्यांना गृहपाठही नको, असं केंद्राच्या शिक्षण खात्यानं २०१८ मध्येच सांगितलं होतं. मी आता ते पान रात्री जेवणाआधी दहा मिनिटांत उरकून घेते. अक्षर वाकडं असलं तरी वही मिटते.

आता तक्रारी. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. काकू स्वयंपाकाला लागल्या की पाचनंतर टीव्ही चालू, आवाजही मोठा. फोन उचलत नाहीत. शनिवारी शाळा लवकर सुटते, पण त्या बाराच्या आत घेत नाहीत, त्यामुळे माझा शनिवार रजेत जातो.

आणि एक प्रकार मी विसरणार नाही. ऑगस्टमध्ये रिक्षावाल्यानं पोराला खाली सोडलं आणि निघून गेला. काकू आत, कुणाला पत्ता नाही. पंधरा-वीस मिनिटं तो पहिल्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसून होता. वर का गेला नाहीस विचारलं तर म्हणे, ‘आज कोणी हाक मारली नाही.’ मी त्या दिवशी काकूंशी भांडले, रिक्षावाल्याशीही. काकूंनी सबब सांगितली नाही. दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली: रिक्षा दोन हॉर्न देते, काकू गॅलरीतून वाकून हाक मारतात, मूल जिन्यात शिरलं की मगच रिक्षा हलते. आजपर्यंत चुकलेलं नाही, पण मी सव्वा वाजता घड्याळ बघतेच.

पोरगं आता घरी अहिराणी बोलतंय, तोही एक परिणाम. ‘मम्मी, माले भूक नही’ असं पहिल्यांदा म्हणालं तेव्हा शाळेत काय म्हणतील म्हणून मी दचकले. सासूबाईंना फोनवर ऐकवलं, तर त्या एवढ्या खूश झाल्या की दिवाळीला आठ दिवस राहून गेल्या.

पाचपैकी चार. बघायला जायचं तर चारच्या सुमारास जा, तेव्हा शेंगा चालू असतात. दोनच जागा उरल्यात असं काल म्हणत होत्या. आणि जिन्यावर खाली बघून चढा.