चिकटपट्टीनेही पुरळ येणाऱ्यांसाठी: चिपळुणातलं साखरेचं वॅक्स

माझी त्वचा कशी आहे ते आधी सांगते, म्हणजे माझं मत तुमच्या कामाचं आहे का ते तुम्हाला ठरवता येईल. कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला लहानपणापासून एक्झिमा. रक्त तपासायला दिलं की वर लावलेल्या चिकटपट्टीच्या आकाराचा लाल चट्टा उठतो. आणि वॅक्सिंग केलं की खाज, पुरळ, मागाहून पिंढरीवर एखादं केसतोड ठरलेलंच.

शेवटी पुण्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट, म्हणजे कातडीला कशाची ॲलर्जी आहे ते शोधायची तपासणी, करून घेतली. पाठीवर छोट्या कप्प्यांतून वेगवेगळी रसायनं चिकटवतात, दोन दिवसांनी पट्ट्या काढून बघतात आणि नंतर आणखी एकदा बघतात. माझ्या पाठीवर कोलोफोनीच्या जागी चट्टा आला. कोलोफोनी म्हणजे पाइनच्या झाडाची राळ. ती कित्येक चिकटपट्ट्यांच्या गोंदात असते आणि केसांना घट्ट धरावं म्हणून वॅक्समध्येही घालतात. डब्यावर कोरफड, मध, चॉकलेट काहीही छापलेलं असो, मागच्या बारीक अक्षरांत रोझिन, कोलोफोनियम किंवा ग्लिसरिल रोझिनेट लिहिलंय का ते बघायचं. ग्लिसरिल रोझिनेट हे राळेवर प्रक्रिया करून केलेलं रूप. ते बऱ्याच जणींना चालतं, काहींना नाही. मला नाही. एका पार्लरमध्ये ‘सेन्सिटिव्ह स्किन’साठीचं म्हणून दुप्पट पैसे घेऊन जे लावलं, त्यानं आठवडाभर पाय खाजत होते. डबा मागून घेऊन वाचला तर यादीत सुरुवातीलाच ग्लिसरिल रोझिनेट.

म्हणून राळ नसलेलं वॅक्स शोधत होते. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी या ताईंचं नाव सुचवलं. त्या बरीच वर्षं मस्कतला सलूनमध्ये कामाला होत्या, तिथे साखरेचं वॅक्स शिकल्या आणि आता चिपळुणात राहत्या फ्लॅटच्या एका खोलीत करतात. बाहेर पाटी नाही. फक्त बायकांसाठी.

वॅक्स म्हणजे साखर, लिंबाचा रस आणि पाणी, बास. गोळीबंद पाक करायचा, गार होऊ द्यायचा आणि मळून मळून तो फिकट, मऊ गोळा करायचा. लिंबाच्या आंबटामुळे पाक पुन्हा साखरत नाही. मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी की हा गोळा हाताच्या उबेवरच मऊ होतो. हीटर नाही, गॅसवर तापवलेला डबा नाही, त्यामुळे भाजण्याची भीती नाही. ताई हातमोजे घालतात, प्रत्येकीसाठी गोळा नवा घेतात आणि काम झालं की तो टाकून देतात. एकाच डब्यात सगळ्यांची सुरी बुडवायचा प्रकारच इथे नाही.

पद्धतही उलटी आहे. पट्टीच्या वॅक्सिंगमध्ये वॅक्स केसांच्या दिशेने लावून उलट ओढतात. इथे गोळा केसांच्या उलट दिशेने दाबत पसरवतात आणि केस ज्या बाजूला वाढतात त्याच बाजूला झटक्यात काढतात. त्यामुळे केस मधेच तुटायचं प्रमाण कमी, आणि तुटलेले केस आत वळून होणारे फोडही कमी. ओढताना हात अंगालगत ठेवतात, वर उचलत नाहीत. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरतात आणि ओढल्याबरोबर तळहात दाबून ठेवतात. त्या दाबण्यानं आग खरंच शमते.

दुखत नाही असं म्हणणार नाही. काखेत दुखतंच, डोळ्यात पाणी येतं. पण हात आणि पिंढऱ्यांवर मी गप्पा मारत बसू शकते, आणि हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

कामाला हात घालण्याआधी ताई प्रश्न विचारतात, आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथेच. ‘‘बाई, अंगाला, चेहऱ्याला काही मलम लावता का? पिंपल्सच्या गोळ्या चालू आहेत? साखरेचा त्रास? रक्त पातळ करायच्या गोळ्या?’’ माझ्या भाचीला एकदा सोबत नेलं होतं. ती मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत होती. ताईंनी तिला हात लावला नाही. गोळ्या संपल्यावरही सहा महिने थांब म्हणाल्या, कारण त्या औषधानं कातडी नाजूक होते आणि वॅक्ससोबत सोलून निघू शकते. मुरमांवरचं ॲडापॅलिन किंवा ट्रेटिनॉइनचं मलम जिथे लावतो तिथेही हाच धोका. समोर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला धैर्य लागतं; शहरातल्या चकाचक पार्लरांत मला हे कुणी कधी विचारलेलं नाही.

माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला एक्झिमा उठला असेल तर ती जागा ताई न सांगता वगळतात. पहिल्या वेळी तर फक्त मनगटाजवळ रुपयाएवढ्या जागेवर करून परत पाठवलं आणि दोन दिवसांनी बोलावलं. लिंबाच्या रसानं काहींना चुरचुरतं, म्हणून ही खबरदारी. तेव्हा मला उशीर खटकला होता, पण आता वाटतं हेच बरोबर आहे.

जाण्याआधी केस साधारण पाऊण सेंटिमीटर वाढलेले असावेत. पाळीच्या आधीचे दिवस टाळले तर बरं, त्या दिवसांत मला तरी जास्त दुखतं. आदल्या दिवशी ओल्या मऊ कापडानं हलकं चोळायचं, त्या दिवशी अंगाला तेल-क्रीम काही नाही. नंतर उरलंसुरलं वॅक्स कोमट पाण्यानं निघून जातं, तेलानं घासावं लागत नाही, चोळाचोळी वाचते. वर सुवासिक लोशन लावत नाहीत, मी माझं बिनवासाचं मॉइश्चरायझर नेते. पुढचा दिवसभर कडक पाण्याची आंघोळ, डिओ, घट्ट लेगिंग्ज बंद. थोडा लालसरपणा संध्याकाळपर्यंत असतो, सकाळी नसतो. पुरळ मला इथे अजून आलेलं नाही.

उणं म्हणाल तर वेळ फार जातो. पट्टीनं पूर्ण हात वीस मिनिटांत होतात, इथे जवळजवळ तास. पूर्ण हातांचे चारशे रुपये, म्हणजे आमच्या इथल्या हनी वॅक्सपेक्षा बरेच जास्त. फोन करून वेळ घ्यावी लागते आणि शनिवार-रविवार मिळणं कठीण. केस फार दाट, राठ असतील तर एकाच जागी दोन-तीनदा फिरवावं लागतं.

आणि पावसाळा. साखर हवेतला ओलावा ओढून घेते, आणि कोकणातल्या जुलैत तो गोळा हातातच पातळ होतो. ताई खोलीत एसी लावून बघतात, पण वीज गेली की संपलं. जोराच्या पावसाच्या दिवसांत त्या स्वतःच नको म्हणतात. त्या महिन्यांत मी ट्रिमर वापरते. तो केस मुळापासून काढत नाही, पण कातडीला ओढत नाही की खरडत नाही. गणपतीनंतर पाऊस ओसरला की ताईंची वही भरायला लागते, तेव्हा नवरात्रासाठी वेळ हवी असेल तर फोन आधीच करून ठेवा.