मांडवीकाठचा दयानंद बांदोडकर मार्ग : रस्ता चांगला, नामफलक तोकडे

पणजीच्या जुन्या सचिवालयाच्या बाजूने मांडवीच्या काठाकाठाने निघून कांपालवरून मिरामारला पोचणारा जो सुमारे तीन किलोमीटरचा रस्ता आहे, त्याला दयानंद बांदोडकर मार्ग हे नाव आहे. पेडण्याहून कामानिमित्त पणजीला येणारा माणूस म्हणून मी तो कित्येक वर्षे वापरत आलो आहे. गेल्या महिन्यात मात्र तो मुद्दाम पायी चाललो, कारण आमच्या मित्रमंडळींत असा विषय निघाला होता, की पात्रादेवीपासून पेडणे तालुक्यातून जाणाऱ्या ६६ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाच्या टप्प्याला एखाद्या स्थानिक उद्योजकाचे नाव द्यावे काय, आणि द्यायचे तर ते भाऊसाहेबांचेच, म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचेच, का नसावे. भाऊसाहेबांचा जन्म १९११ साली पेडण्यातच झाला. तेव्हा त्यांचे नाव ज्या रस्त्याला आधीपासून आहे, तिथे त्या नावाची काय स्थिती आहे, हे आधी पाहावे असे वाटले.

रस्ता म्हणून तो मला आवडतो, हे आधीच सांगतो. मिरामारकडे चालताना उजव्या हाताला सतत नदी असते, कांपालला जुन्या झाडांची दाट सावली मिळते, आणि पादचाऱ्याला चालायला बरीचशी जागा सलग सापडते, जे पणजीच्या आतल्या भागात क्वचितच घडते. संध्याकाळी वाहनांची गर्दी फार होते आणि रस्ता ओलांडताना बराच वेळ ताटकळावे लागते. वृद्ध माणसांना सोबत नेणाऱ्यांनी सकाळची वेळ निवडावी.

नावाच्या बाबतीत मात्र समाधान झाले नाही. पणजीच्या बसस्थानकावर उतरून मी एका पायलटाला, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला, ‘बांदोडकर मार्गावर सोडा’ म्हणालो. विशी-बाविशीचा मुलगा होता, बोलायला अदबशीर. त्याने हेल्मेट पुढे करता करता विचारले, ‘तो खंय येता, काका?’ कला अकादमीजवळचा, असे सांगितल्यावर तो लगेच म्हणाला, ‘मिरामार रोड म्हणात, काका.’ त्याला मी दोष देत नाही, कारण त्याने हे नाव पूर्ण लिहिलेले कुठे पाहावे? दुकानांच्या आणि हॉटेलांच्या पाट्यांवर पत्त्याच्या ओळीत बहुतेक ठिकाणी रोमन लिपीतले ‘डी. बी. मार्ग’ एवढेच आढळते. ही दोन आद्याक्षरे कोणाची, हे ज्याला आधी ठाऊक आहे त्यालाच कळते. कांपालच्या एका वळणावर नामफलक आहे, पण झाडाची फांदी त्यावर अशी उतरली आहे, की मी छत्रीच्या टोकाने पाने बाजूला सारली तेव्हा ‘बांदोडकर’मधला ‘कर’ दिसला. फलकाच्या खालच्या कडेला गंज धरला असून जुन्या जाहिरातीच्या कागदाचा एक तुकडा अजून चिकटलेला आहे. तेथून थोड्याच अंतरावर कॅसिनोंच्या धक्क्यांपाशी रात्रंदिवस उजळणारे प्रचंड फलक आहेत. ज्या कचेरीकडे ही देखभाल आहे, तिने वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, फांद्या छाटून फलक धुतले तरी बरेच काम होईल.

या मार्गाला हे नाव का शोभते, हे चालताना पदोपदी लक्षात येते आणि म्हणूनच फलकांची ही आबाळ मनाला अधिक लागते. भाऊसाहेब मूळचे खाणमालक. डिचोली-सत्तरीच्या बाजूने खनिज भरून निघालेली बार्ज मांडवीतून मुरगावकडे जाताना याच काठावरून दिसते; २०१२ साली खाणी बंद झाल्यापासून ती पूर्वीसारखी रांगेने दिसत नाही, तरी एखादी दिसली की ज्या धंद्यातून त्यांच्या हाती संपत्ती आली तो धंदा आपण डोळ्यांनी पाहत असतो. राजकारणात येण्याआधीच दानशूर म्हणून त्यांचे नाव झाले होते. डिसेंबर १९६३ मध्ये ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि त्यांचा कारभार याच रस्त्याच्या सुरुवातीला असलेल्या जुन्या सचिवालयातून चालला. खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांत आमच्या पिढीने मराठीतून मुळाक्षरे गिरवली. १९६४ साली कूळ कायदा आला. पुढे कांपालला लागते ती कला अकादमी त्यांच्या कारकिर्दीत, १९७० साली स्थापन झाली. तिची आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांची, आणि आतल्या नाट्यगृहाला मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे नाव. तिच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी गावोगावच्या मंडळ्या वर्षभर तालमी करतात. कांपालच्याच फुटबॉल मैदानाला भाऊसाहेबांचे नाव आहे, आणि रस्ता मिरामारला संपतो तिथे, समुद्राच्या वाळूला लागून, त्यांची समाधी आहे. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. दर वर्षी त्या दिवशी तिथे पुष्पांजली वाहिली जाते.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. मिरामारच्या पुढे दोनापावलाच्या बाजूला डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नावाचा रस्ता आहे. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे हा भाऊसाहेबांचा आग्रह, तर होऊ नये यासाठी सिक्वेरा उभे राहिले, आणि १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात लोकांनी सिक्वेरांची बाजू उचलून धरली. त्यानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच लोकांनी भाऊसाहेबांना पुन्हा सत्तेवर बसवले. या दोघांची नावे एकाच किनाऱ्यावर इतक्या जवळ असावीत, ही मला या मार्गाची सर्वांत मोलाची बाजू वाटते, परंतु ‘डी. बी.’ एवढेच वाचणाऱ्या नव्या माणसाला तिचा पत्ता लागत नाही.

इतर उद्योजक घराण्यांची नावे गोव्यात वेगळ्या रीतीने टिकली आहेत. मडगावात चौगुले, मिरामारला धेंपे आणि साळगावकर ही नावे महाविद्यालयांमुळे विद्यार्थ्यांच्या तोंडी रोज असतात, आणि ‘मी धेंपेत शिकतो’ असे मुलगा सहज बोलून जातो. रस्त्याच्या नावाला असा आपोआप उच्चार मिळत नाही. तो फलकाने, बसवरच्या पाटीने आणि वाहकाच्या हाकेने मिळवून द्यावा लागतो. महामार्गाचे तर त्याहून कठीण. तो क्रमांकानेच ओळखला जातो, इतका की १७ चा ६६ होऊनही आमच्याकडची वडीलधारी माणसे अजून ‘सतरा नंबर’च म्हणतात.

म्हणून मित्रांना मी माझे मत असे सांगितले, की पेडण्यातल्या टप्प्याला भाऊसाहेबांचे नाव देण्यास माझा मनापासून पाठिंबा आहे, पण मागणीच्या अर्जातच फलकाचा मजकूर लिहून द्यावा. नाव देवनागरीत, पूर्ण, ‘भाऊसाहेब’सह; त्याखाली ‘खाण उद्योजक, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, जन्म पेडणे’ अशी एक ओळ; आणि धावत्या बसमधून वाचता येईल एवढी अक्षरे. तोच मजकूर मांडवीकाठच्या जुन्या फलकांवरही घालावा. रस्त्याला मी पाचपैकी चार गुण देईन, नामफलकांना दीड.

पायी जाणाऱ्यांसाठी एवढेच, की जुन्या सचिवालयाकडून सुरुवात केल्यास मिरामारला पोचायला रमतगमत तासभर लागतो, आणि समाधीपाशी बसायचे असेल तर वाळू तापण्यापूर्वी, सकाळी आठच्या आत पोचावे.