जुन्या मागाचा जाम नट: तेल, ठोका की आच?

सोलापुरात जुना यंत्रमाग दुरुस्त करायला घेतला की पहिली अडचण गंजून बसलेल्या नटांची. नट बाजारात मिळतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ब्रॅकेट तुटला तर भंगारात शोधत फिरावं लागतं. म्हणून उपाय निवडताना मी एकच पाहतो: चुकलं तर काय मोडेल?

तेलानं काहीच मोडत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे आवळले जातात. पातळ तेल त्या फटीत आपोआप ओढलं जातं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. रात्री लावा, सकाळी पुन्हा लावा. डिझेल स्वस्त, तरी गंज सोडवण्यासाठीच बनवलेला स्प्रे सरस. डब्ल्यूडी-४० सगळ्यांच्या हाताशी असतो, पण १९५३ साली तो मुळात पाणी हटवायला तयार झाला होता. फणीवर आणि सुतावर मात्र थेंब उडू देऊ नका. टॉवेलवरचा डाग ग्राहक परत पाठवतो.

ठोका तेलाच्या जोडीला घ्यावा. नटाच्या बाजूवर पितळी हातोड्यानं हलके ठोके द्या, समोरून जड लोखंड टेकवून धरा. बीड वाकत नाही, थेट तडकतं. आधी नट किंचित आवळा, मग सोडा. पाना सहा कोनी सॉकेटचाच घ्या. जुन्या इंग्लिश मागांवर व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, आटे असतात. त्यांना मिलिमीटरचा पाना जेमतेम बसतो आणि कोपरे झिजवतो.

आच सगळ्यात जोरकस, आणि माझ्या मते मागाच्या शेडमध्ये पूर्ण वर्ज्य. तिथं सगळीकडं कापसाचा फुफाटा बसलेला असतो. भाग काढून बाहेर अंगणात नेता येत असेल तरच टॉर्च पेटवा, तोही त्या भागावरचं तेल पुसून. नट तापवायचा, बोल्ट नाही. तापलेल्या बिडावर पाणी ओतू नका. स्प्रिंग किंवा कडक केलेली पिन जवळ असेल तर तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. बिडात बसवलेला गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) बुश, म्हणजे दांडा फिरतो ती नळी, तर आणखी अवघड: गनमेटल बिडापेक्षा जास्त फुगतो, त्यामुळं दोन्ही एकत्र तापवले की बुश उलट घट्ट होतो. तापवायचं फक्त बाहेरचं बीड.

दोन-तीन दिवस तेल देऊनही नट हलला नाही, तर आच टाळून नटच कापा. हॅक्सॉनं एका बाजूनं उभा काप घ्या, आटे दिसू लागले की थांबा. उरलेलं छिन्नीनं उघडतं.