दालमिलच्या नाल्या साफ करून घेतल्या, त्याचा अनुभव

लातूरच्या एमआयडीसीत आमची तुरीची दालमिल आहे. पत्र्यावरचं आणि वाळवणाच्या ओट्यावरचं पाणी नालीतून चार चेंबरात उतरतं आणि सिमेंटच्या ह्यूम पाइपातून बाहेरच्या नाल्याला लागतं. म्हणजे लागायला पाहिजे. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यावर पाऊस कोसळला तेव्हा ते उलटं गोदामात आलं, आणि खालच्या थप्पीची चाळीस पोती भिजली. 2016 ला आम्ही मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं. पाणी जास्त होईल ही भीती आमच्या डोक्यात शिरतच नाही.

आधीचा माणूस दरवर्षी बांबू घालून ढोसायचा, पाणी हललं की पैसे घेऊन जायचा. यंदा उन्हाळ्यात जेटिंग मशीनवाले, म्हणजे जोराच्या पाण्यानं पाइप साफ करणारे, बोलावले. त्यांनी मशीन चालूच केली नाही. आधी चारही चेंबरांचे ढापे, म्हणजे झाकणं, उघडून बराच वेळ तसेच ठेवले, मग सळई घालून गाळ मोजला. "मालक, पाइप नंतर बघू. आधी चेंबर भरलंय," म्हणाले. चेंबरचा तळ पाइपाच्या तोंडापेक्षा फूटभर खाली असतो, गाळ तिथं बसावा म्हणून. आमचा तो फूट कधीच भरला होता, त्यामुळं पुढचा सगळा गाळ सरळ पाइपात. वीस वर्षं मिल चालवतोय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आत काय निघालं? सुतळी, गुटख्याच्या पुड्या, काळी माती आणि चुनी, म्हणजे डाळ भरडताना पडणारा चुरा. ही चुनी म्हणजे खरी दुश्मन. कोरडी असली की वाऱ्यानं उडते, ओली झाली की कणकेसारखी चिकटते आणि वरून माती बसली की सिमेंटच. वासाबद्दल न बोललेलं बरं. आमचा एक हमाल पाटी घेऊन आत उतरायला निघाला, तर त्यांच्या पोरानं दंड धरून मागं ओढलं. गॅस असतो म्हणे. गाळ सक्शननं काढला. मग बाहेरच्या टोकाकडून पाइपात नोझल सोडलं. पाण्याचे फवारे मागं मारत ते स्वतःच पुढं सरकतं आणि गाळ मागं ओढून आणतं. बघण्यासारखं असतं! गाळ नाल्यात जाऊ नये म्हणून टोकाला रेतीची पोती लावली होती, आणि ट्रॉली भरून तो घेऊनही गेले.

आणखी एक चोरी पकडली, आमचीच. डाळीला तेल लावतो त्या खोलीचं धुण्याचं पाणी पावसाच्या नालीत सोडलं होतं. ते बंद करा म्हणाले. केलं.

आता तक्रारी. सांगितल्यापेक्षा दोन दिवस उशिरा आले, फोन उचलला नाही. एक ढापा उचलताना तडकवला आणि बिलातून छदाम कमी केला नाही. ड्रायरच्या मागची जाळी विसरले, ती मीच खराट्यानं साफ केली. जीएसटी धरून 14,500 झाले. बांबूवाला दोन हजारात करायचा, पण चाळीस पोत्यांचा हिशोब त्यात धरला नव्हता मी.

पाचपैकी चार तारे. एक तारा ढाप्याचा कापला. मृगाचा पहिला पाऊस पडला तेव्हा छत्री घेऊन चेंबरपाशी उभा राहिलो होतो. घळघळ आवाज येत होता, आणि बायको दारातून हसत होती.