सात फुटी घडीची काठी: चिलापीला चालेल, कटल्याला नको

रिळासकट मिळणारा हा मासेमारीचा स्वस्त संच उन्हाळ्यात आटलेल्या पाझर तलावावर चिलापीपुरता ठीक. टोक मऊ आहे, त्यामुळे हलकी ओढही हाताला कळते. सोबतचा तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) मात्र सरळ फेकून द्या. वेटोळी धरतो आणि गाठीतच तुटतो. ०.२५ मिमीचा नवा भरा, पण रिळाच्या कडेखाली २ मिमी जागा सोडून. काठोकाठ भरला की गुंता ठरलेला! गाठ आवळण्याआधी ओली करा. संचातले गळ चिलापीच्या इवल्या तोंडाला मोठे पडतात. १० नंबरचा गळ आणि गांडुळाचा अर्धा इंच तुकडा बास. सांध्यात रेती गेली की काठी अडकते. धुऊन, पुसून, जाड बाजूकडून मिटवा. मोठा कटला लागला तर रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोरा ताणाखाली सोडणारा ब्रेक, टिकत नाही.