बारा वर्षांची ईको, दहा महिने आणि कोकणची एक फेरी

घरात आम्ही सहा माणसं. पाच दिवसांच्या कोकण फेरीसाठी भाड्याच्या गाडीचे मला २६ हजार सांगितले, तेव्हाच जुनी व्हॅन घ्यायचं डोक्यात आलं. गेल्या ऑक्टोबरमध्ये २०१३ ची, सात सीटची, एसी नसलेली मारुती ईको १ लाख ६५ हजारांना घेतली. आता दहा महिने आणि साडेसहा हजार किलोमीटर झाले.

घेण्याआधी सात-आठ गाड्या पाहिल्या. त्यातल्या निम्म्या शाळेच्या मुलांच्या नाहीतर मालवाहतुकीच्या होत्या. पायाखालचं मॅट उचललं की पत्रा काय ते सांगतो, आणि सरकत्या दरवाज्याचे रोलर झिजलेले असतील तर तो दिवसातून शंभर वेळा उघडलेला आहे हे समजायचं. मी घेतली ती एका निवृत्त गृहस्थांची, घरचीच वापरातली. परिवहनच्या वेबसाइटवर चलान आणि कर्जाचा बोजा तपासला, गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या घेतल्या, विमा चौदा दिवसांच्या आत माझ्या नावावर केला. फॉर्मवर सह्या होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, एवढं कळकळीने सांगतो.

माझी चूक वेगळीच झाली. मी सगळं लक्ष इंजिनवर ठेवलं. ११९६ सीसीचं हे इंजिन पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलली की समोर. आवाज स्वच्छ, धूर नाही, तेल ठीक, म्हणून मी खूश झालो. पण बारा वर्षांच्या गाडीत आधी म्हातारं होतं ते रबर. टायरची नक्षी छान होती, म्हणून मी तारीखच वाचली नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर २३१६ होतं, म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. गाडी कमी फिरली होती म्हणून नक्षी शाबूत, पण बाजूला बारीक चिरा. निघण्याआधी पाचही टायर बदलले. रेडिएटरचे होज, म्हणजे पाण्याच्या रबरी नळ्या, मात्र गॅरेजमध्ये ‘चालून जातील’ म्हणाले आणि मी ऐकलं.

डिसेंबरात निघालो. विक्रोळीहून पनवेल, पेण, माणगाव करत श्रीवर्धन. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही वेशींवर छोट्या गाड्यांना टोल नाही, तेवढीच बचत. पुढे मुद्दाम किनाऱ्याने गेलो. बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला, अशी तीनदा गाडी फेरीबोटीत चढवली. बाबांचे गुडघे दुखतात. मोठ्या गाडीत त्यांना हात धरून चढवावं लागतं, इथे सरकत्या दरवाज्यातून ते आपले आपण बसत होते. दाभोळच्या धक्क्यावर आई दरवाजा सताड उघडा ठेवून मधल्या सीटवर बसली होती आणि खाडीकडे बघत मुलांना संत्री सोलून देत होती. मला या गाडीने दिलेलं सगळ्यात मोठं सुख तेच.

परतताना चिपळूण सोडून परशुराम घाट चढत होतो, तेव्हा तापमानाचा काटा वर सरकला आणि सीटखालून कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, गोडसर वास आला. लगेच कडेला घेतली. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका, आतलं पाणी दाबाने अंगावर उडतं. पाऊण तास थांबलो. वरचा होज क्लॅम्पपाशी चिरला होता. लोट्याहून आलेल्या मेकॅनिकने चिरलेलं टोक इंचभर कापून तोच होज पुन्हा बसवला, पाणी भरलं, आणि काट्यावर नजर ठेवत आम्ही रात्री घरी पोचलो. सहाशे रुपयांचा होज आधी बदलला असता तर म्हाताऱ्या माणसांना रस्त्याच्या कडेला बसावं लागलं नसतं. ते मला आजही लागतं.

या फेरीच्या ८०० किलोमीटरला ६६ लिटर पेट्रोल लागलं, साधारण ६,८०० रुपये. शहरात लिटरमागे दहा-अकराच मिळतात. टायर, क्लच प्लेट, ब्रेक, होज, दरवाज्याचं बीडिंग मिळून आजवर ४१ हजार गेले. म्हणजे गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा वर ठेवूनच सौदा करावा.

पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे दादरच्या गर्दीत गाडी लावताना खांदे भरून येतात. दुपारी सीटखालची ऊब मांड्यांना जाणवते. आणि सुरक्षेचं स्पष्ट सांगायला हवं: ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य तारे मिळाले होते. म्हणून मी सत्तरच्या वर जात नाही, रात्रीचा हायवे टाळतो, आणि मागच्यांनीही पट्टे लावल्याशिवाय गाडी हलवत नाही. रोज एक्स्प्रेसवेने जाणाऱ्याने ही घेऊ नये.

नोंदणी २०२८ पर्यंत आहे. त्यानंतर फिटनेस आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षं वाढवता येईल, पत्रा टिकला तर. दिवाळीनंतर आईला तुळजापूरला न्यायचं ठरलंय. त्याआधी खालचा होज आणि फॅन बेल्ट बदलायला येत्या शनिवारी गाडी गॅरेजला देतोय.