निरामय विमा: वर्षभराहून जास्त वापरल्यावर

आधी निकाल सांगते. निरामय, म्हणजे काही ठरावीक प्रकारच्या दिव्यांगांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना, जरूर घ्या, पण मोठ्या ऑपरेशनच्या भरवशावर घेऊ नका. वर्षाची एकूण मर्यादा १ लाख रुपये, तीही आतल्या आत विभागलेली: भरतीला इतके, ओपीडीला इतके, थेरपीला इतके. आजच्या हॉस्पिटलच्या बिलापुढे हा आकडा किती टिकतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. दर आठवड्याची फिजिओ, स्पीच थेरपी, रक्ताच्या तपासण्या, डॉक्टरांची फी असला न थांबणारा खर्च मात्र तिथून बऱ्यापैकी निघतो.

माझा धाकटा भाऊ तिशी ओलांडलेला आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. खासगी विमा एजंटांचं आजवर ठरलेलं उत्तर असायचं, 'जन्मजात आहे ना, मग नाही बसत.' २०२३ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा क्षेत्राच्या नियामकाने, सगळ्या आरोग्य विमा कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी आणायला लावली खरी, पण हप्ता ऐकून बाबांनी माहितीपत्रक घडी घालून परत दिलं. निरामयला वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आधीपासूनचा आजार म्हणून वगळणं नाही. पहिली नोंदणी ५०० रुपये आणि पुढचं नूतनीकरण २५०. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना २५० आणि ५०. एवढ्या पैशात तक्रार करायची तरी कशाची, असं वाटतं. पण आहे.

योजना राष्ट्रीय न्यासाची, म्हणजे १९९९च्या कायद्याने दिव्यांगांसाठी स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या संस्थेची. त्यात चारच गट येतात: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यामुळे 'दिव्यांगत्वाचं कार्ड आहे म्हणजे निरामय मिळणारच' असा बऱ्याच घरांचा समज असतो. तसं नाही. डाउन सिंड्रोमचं नाव तर दोन्ही याद्यांत वेगळं नाही. प्रमाणपत्रावर 'बौद्धिक अक्षमता' असंच यायला हवं. म्हणून सुरुवात यूडीआयडी कार्डापासून, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रापासून, करा. त्यासाठी मेडिकल बोर्डासमोर बसावं लागतं, बुद्ध्यांक चाचणी होते. आमचा भाऊ तर चाचणी घेणाऱ्या मॅडमनाच उलट प्रश्न विचारत होता.

आम्ही नोंदणी केली ती न्यासाशी जोडलेल्या एका स्थानिक संस्थेमार्फत, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडला. संस्थेतल्या समाजसेविका ताईंना कुठला कागद कुठे अडतो हे तोंडपाठ आहे. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाची नोंदणी दुसऱ्या संस्थेतून झाली. त्यांचं कार्ड वेळेत आलं, पण क्लेम कसा लावायचा हे कुणी सांगितलंच नाही, आणि वर्ष कोरडं गेलं. तेव्हा संस्था निवडताना एवढंच विचारा: गेल्या वर्षी तुमच्याकडून किती क्लेम पास झाले? उत्तर पटकन आलं तर तिथे बसा.

आता क्लेम. हॉस्पिटल कुठलंही चालतं, पण पैसे आधी आपल्या खिशातून, परतावा नंतर. थेरपीच्या आमच्या पहिल्या पावत्या परत आल्या, कारण क्लिनिक नुसतं 'थेरपी चार्जेस' लिहून महिन्याची एकच पावती देत होतं. मग ताईंनी नमुना करून दिला: रुग्णाचं पूर्ण नाव, प्रत्येक सेशनची तारीख, थेरपीचा प्रकार, थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. क्लिनिकच्या काउंटरवर थोडी कुरकुर झाली, पण त्यानंतर क्लेम अडला नाही. पैसे मात्र आले ते आपल्या सवडीने, टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेची) हेल्पलाइन 'प्रोसेसमध्ये आहे' याच्या पुढे कधी गेली नाही. मूळ कागद पाठवण्याआधी सगळ्याची झेरॉक्स ठेवा, चिठ्ठीचीसुद्धा.

पावसाळ्यात भावाला न्यूमोनिया झाला, भरती करावं लागलं. बिलाचा छोटा तुकडाच परत आला. म्हणूनच वर मोठ्या ऑपरेशनच्या भरवशावर घेऊ नका म्हटलं.

आणखी एक खाच: विम्याचं वर्ष एप्रिल ते मार्च. जानेवारीत नोंदणी केली तरी संरक्षण ३१ मार्चलाच संपतं. नवीन घेणाऱ्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावा, आणि जुन्यांनी नूतनीकरण फेब्रुवारीतच उरकावं. मार्चअखेर पोर्टल कसं रांगतं ते वेगळं सांगायला नको.

विम्याच्या निमित्ताने संस्थेत जाणं-येणं सुरू झालं, त्यातून जे मिळालं ते विम्याहून मोठं आहे. भाऊ आता तिथल्या कार्यशाळेत जातो, कागदी पिशव्या आणि फाइल्स करतो. दुपारी आईला झोप मिळते, कित्येक वर्षांनी. आणि पालकत्वाचा विषयही तिथेच निघाला. मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत खातं चालवायला गेलं की हे कळतं. न्यासाच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते, कोर्टात जावं लागत नाही. आमचा अर्ज तिथे आहे. आई-बाबांच्या संमतीच्या सह्या लागतात, त्यामुळे ज्यांच्या घरी आई-वडील सत्तरीच्या आसपास आहेत त्यांनी विम्याचा फॉर्म भरायला जाल त्याच दिवशी या अर्जाच्या कागदपत्रांचीही यादी मागून घ्या.